आईसाहेबांचं विसण

डोंगरावरच्या एका नगरात रखमाजी नावाचा एक तांबट होता. राजवाड्याच्या तळचौकात मोठा बंब बसवून त्याने तांब्याच्या नळीने कढत पाणी थेट माडीवरच्या न्हाणीघरापर्यंत नेलं, तेव्हा सारं नगर बघतच राहिलं. राजाने खूश होऊन त्याला सोन्याचं कडं दिलं. तेव्हापासून रखमाजी बाह्या जरा जास्तच वर सारून चालायचा.

पण थंडी पडली आणि राजाच्या आईसाहेब कुडकुडू लागल्या. तोटी सोडली की आधी पाच घागरी गार पाणी यायचं. ते ओतून द्यायचं, मग कुठे कढत पाण्याचं दर्शन! सगळ्यांनी बोट दाखवलं ते बंबाला जाळ घालणाऱ्या धुरपदाबाईकडे. राजा कडाडला, "कामचुकार बाई! उद्यापासून येऊ नकोस."

"महाराज, बंबाला हात लावून बघा, फोड येईल," ती रडत म्हणाली. पण ऐकतो कोण!

रखमाजी खांबाआड उभा होता. त्याने सकाळीच नळी चाचपून पाहिली होती. बंबापाशी चटका बसत होता, माडीवर मात्र नळी गारेगार. नळीत थांबलेलं पाणी निवायचं आणि तेच आधी बाहेर पडायचं. बोलावं तर कडं जाणार आणि नावही जाणार. गप्प बसणं किती सोपं होतं! पण धुरपदाबाईचे भरलेले डोळे त्याला बघवेनात. तो पुढे आला आणि त्याने कडं उतरवून राजासमोर ठेवलं.

"महाराज, चूक जाळाची नाही, माझ्या नळीची आहे. धुरपदाबाईंना ठेवा आणि मला आठ दिवस द्या."

राजाने मान डोलावली. रखमाजीने माडीवरून बंबाच्या तळापर्यंत दुसरी नळी उतरवायला घेतली.

"पाणी वर न्यायचं की खाली आणायचं, एकदा ठरव बाबा!" नोकर हसले.

रखमाजी सांधे जोडत राहिला. आता कढत पाणी आपोआप वर चढू लागलं. निवलेलं पाणी दुसऱ्या नळीने परत बंबात उतरू लागलं आणि पुन्हा तापू लागलं. नळीत पाणी थांबेचना.

नवव्या दिवशी सकाळी आईसाहेबांनी तोटी सोडली. लगेच आतून हाक आली, "अगं, पोळले! विसण आणा, विसण!"

त्या थंडीत पहिल्यांदाच त्यांनी गार पाणी मागितलं होतं. साऱ्या राजवाड्यात आनंदाचं उधाण आलं. राजाने भर दरबारात धुरपदाबाईची माफी मागितली आणि ते कडं तिच्याच हातून रखमाजीच्या मनगटात घालायला लावलं.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी येत असताना जो पुढे होऊन ती कबूल करतो, त्यालाच ती दुरुस्त करता येते आणि त्याचाच मान टिकतो.