भिंगरी आणि बुडणारी वाडगी

एका राज्यात मुलांची परीक्षा तांब्याची एक वाडगी घेत असे. वाडगीच्या तळाला भोक होते. ती हंड्यातल्या पाण्यावर सोडायची आणि मुलाला प्रश्न विचारायचा. वाडगी भरून बुडायच्या आत उत्तर आले, तर मूल बुद्धिमान. त्याला राजा मकरंदसेनाच्या प्रज्ञाशाळेत जागा मिळे.

वाडगी राजाला भेट दिली होती करकोट जादूगाराने. त्याला त्या शाळेचा प्रमुख व्हायचे होते. राजाने नेमले नाही. म्हणून त्याने भेटीत शाप घातला. जे मूल हरेल, त्याच्या मनातला प्रश्न पक्षी होऊन राजाच्या बागेत उडून जाई. मूल घरी परते, जेवी, झोपे, पण पुन्हा काही विचारीत नसे. शेजारीपाजारी म्हणत, मुले हल्ली किती गुणी झाली आहेत!

बागेत मात्र कलकलाट होता. "सावलीला भूक लागते का?" बुलबुल विचारी. "काल कुठे जातो?" पोपट विचारी. पक्ष्यांना उत्तरे देता येत नसत.

भिंगरी नावाच्या मुलीचा थोरला भाऊ राणू गेल्या साली हरला होता. तेव्हापासून तो भिंतीकडे बघत बसे.

"आई, मी दादाचा प्रश्न घेऊन येते," भिंगरी म्हणाली.

"अगं, तुझाही जाईल!"

"मग दोन्ही आणीन."

बागेत एका साळुंकीने मान तिरपी करून तिला विचारले, "वाडगी का बुडते?"

"वर्षभर हेच एक चाललंय हिचं," माळी कुरकुरला. "डोकं उठलं माझं."

"म्हणजे दादाचीच!" भिंगरी हसली आणि दरबारात गेली.

परीक्षक शीघ्रशास्त्री दरवर्षीप्रमाणे सनद वाचत होते. "सुईच्या टोकाएवढे छिद्र असलेले हे पात्र आमच्या मुलांचे मोजमाप करो." सर्वांनी माना डोलावल्या.

पहिला आला नगरशेटचा मुलगा. त्याला घरी सहा महिने घोकवून घेतले होते.

"आकाशात—"

"महाराजांच्या गुणांइतके!" तो ओरडला. पण वाडगी बुडाली होती. पुढचे दोन प्रश्नही तसेच बुडाले, आणि त्याच्या कंठातून एक कोतवाल पक्षी उडाला.

त्याच्यामागून आलेली मुलेही एकेक करून हरली. "यंदा एकही मूल पार झाले नाही, महाराज," शास्त्री खिन्नपणे म्हणाले. "पिढीच मंद निघाली."

मग भिंगरी पुढे झाली. तीन प्रश्न, तीन बुडण्या, आणि एकाचे उत्तर आले तरी पुरे, असा नियम होता.

"आकाशात तारे किती?" भिंगरी वाडगीकडे बघत राहिली. वाडगी बुडाली. तिच्या गळ्याशी एक पिवळे पीस फुटले.

"समुद्र खारा का?" ती अजून वाडगीकडेच बघत होती. वाडगी बुडाली. पिसे हनुवटीपर्यंत आली.

"पोरी, उत्तर दे!" राजा कळवळून म्हणाला.

"या दरबारात सर्वांत वेगवान काय?" शास्त्रींनी तिसरा प्रश्न विचारला.

भिंगरीने वाडगीच्या तळाशी हात नेला आणि भोकात बोट घातले. वाडगी तरंगत राहिली.

"हे नियमात नाही!" शास्त्री ओरडले.

"नियमात काय आहे?" राजाने विचारले.

"वाडगी बुडेपर्यंत उत्तर द्यावे."

"मग अजून बुडाली कुठे?" राजा म्हणाला.

दरबार हसला. भिंगरीने सावकाश विचार केला, नाक खाजवले, आणि म्हणाली, "सर्वांत वेगवान ही वाडगीच आहे, महाराज. सनदेत भोक सुईएवढं आहे. माझं अख्खं बोट गेलंय. एकेक प्रश्न गिळून ती मोठं तोंड करत आलीय. तुम्ही आम्हांला मोजलंत, हिला कोण मोजणार?"

स्वतःचेच मोजमाप होताच वाडगी खण्णकन फुटली. भिंगरीच्या गळ्यावरची पिसे गळून पडली. बागेतले पक्षी एकदम उठले आणि आपापल्या घरांकडे निघाले.

शीघ्रशास्त्रींनी सनद गुंडाळून ठेवली. "मी सुईच्या भोकाच्या काळातला," ते पुटपुटले. "आज परीक्षेला बसलो असतो, तर मीही बुडालो असतो."

"मग उद्यापासून तुम्ही बागेत बसा," राजा म्हणाला. "प्रत्येक मुलाबरोबर एक दिवस. ते काय विचारते ते ऐका. मग ठरवू, कोणाला काय शिकवायचे."

"आणि मला उत्तर आले नाही तर?"

"तर त्या मुलाला घेऊन शाळेत या. दोघेही शिका."

भिंगरी घरी पोचली, तेव्हा साळुंकी आधीच पोचली होती. राणू दारात उभा होता.

"भिंगरे, वाडगी का बुडते गं? आणि माझा लाडू कोणी खाल्ला?"

पहिल्याचे उत्तर तिने लगेच दिले.

त्या मुलांचे पक्षी जसे त्यांच्या अंगणी उतरले, तसे तुमचेही तुमच्या अंगणी उतरोत.