दोन बाटल्या माश्या

"माशीच्या पोटात काय चालतं, हे या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे का?"

मठाच्या ओट्यावर टेकता टेकता झुंबरनानांनी विचारलं. मग स्वतःच हसले.

"तसं मलाही नाही म्हणा. शेती कॉलेजात तीस वर्षं बाटल्या धुतल्या. साहेब चहाला गेले की मायक्रोस्कोपात डोकावायचो, एवढंच."

मठ सांभाळणाऱ्या जिजी पेरू निवडत होत्या. वय ऐंशीच्या पुढं, बोलणं मोजकं.

मठाच्या रानातली पेरूची साठ झाडं नानांनी आपल्या हातानं लावलेली. पण तीन हंगाम झाले, फळ उघडावं तर आत अळी. उद्या झाडं तोडणारा यायचा होता. तोडायची की ठेवायची, ते जिजी आज सांगणार होत्या. नानांची बडबड वाढली होती ती त्यामुळंच.

"आता घोर नको, जिजी. कॉलेजातल्या नव्या साहेबांनी आपल्या माश्या तपासल्या. माशीच्या पोटात जिवाणू असतात. अंड्याबरोबर ते फळात उतरतात, म्हणून अळीला कच्चा पेरू पचतो. साहेबांनी नेमके ते हेरले, त्यांच्यावर औषध दिलं. दोन महिने फवारतोय."

जिजींनी एक पेरू चिरला. नानांपुढं धरला.

आत अळ्या वळवळत होत्या.

"...पाहुण्या असतील. शेजारच्या रानातल्या."

जिजी हसल्या नाहीत.

"तपासायला माश्या कुठून नेल्यास?"

"सापळ्यातून. वासाची वडी टांगली की तासाभरात बाटली भरते."

"आण."

नानांनी सापळा काढून आणला. जिजींनी मेलेल्या माश्या सुपात ओतल्या.

"अंडी घालणारीला मागं सुई असते. तसली एक दाखव."

नानांनी चष्मा पुसला. काडीनं माश्या उलट्यासुलट्या केल्या. पुन्हा चष्मा पुसला.

"सगळे बाप्येच," ते हळूच म्हणाले. "त्या वासाला नरच भुलतात."

"साहेबांनी काय मागितलं होतं?"

"वीस नर, वीस माद्या. वेगवेगळ्या बाटल्यांत." नानांनी कान खाजवला. "म्हणाले, दोघांच्या पोटातले जिवाणू सारखे नसतात. मला हसूच आलं. एकाच पेरूवर वाढलेली ही, पोटं वेगळी कशी असतील? आणि मादी धरायची म्हणजे भर उन्हात झाडाखाली बसून राहा. मी सापळ्यातलेच चाळीस मोजले. एका बाटलीवर लिहिलं 'नर', दुसरीवर 'मादी'."

"मग?"

"साहेब चाटच पडले! म्हणाले, नाना, तुमच्या मठात दोघांचं पोट अगदी सारखं निघालं. दोन दिवस मला हसू आवरेना."

आता मात्र ते आवरलं होतं. सुपापलीकडं साठ झाडं उभी होती.

जिजी उठल्या. कोमट दुधाचं पातेलं आणलं. एका वाटीत कालच्या दह्यातलं थोडं विरजण राखलेलं होतं, ते दुधात घातलं. बोटानं ढवळलं, वर ताटली ठेवली.

"हे कुणासाठी, जिजी?"

"उद्या झाडं तोडणारा येईल. त्याला जेवू घालून परत पाठवायचं."

नाना टुणकन उठले. गुडघे कुरकुरले तरी ऐकलं नाही. सुपातल्या माश्या भराभर बाटलीत भरायला लागले.

"आजच साहेबांकडं जातो! या खेपेला खरं लिहितो: चाळीस नर. चुकीची कबुलीही देतो. आता उन्हात कशाला बसायचं? बापाच्या पोटावरून पोरांचं काय ते कळेलच की!"

जिजींनी रिकामी वाटी उचलली.

"काल दह्याचं अख्खं पातेलं तू पुसून खाल्लंस, झुंबर. आज विरजण तुझ्याकडं मागितलं का मी?"