खुरकुताची आवई

पूर्वी अश्मक देशात पोतन नगरात एक झोपाळू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गोदावरीकाठच्या एका लहान खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. राजाचे या गोष्टीत काही काम नाही. तो झोपलेला असे म्हणून गावे आपापला कारभार आपणच पाहत, एवढेच. बोधिसत्त्वांचे नाव तेव्हा शालिक होते. आईबाप गेल्यावर माळाचा एक तुकडा, थोडी गुरे, शेळ्या, कोंबड्या आणि भद्रक नावाचा धाकटा भाऊ एवढे शालिकाच्या वाट्याला आले.

माळ म्हणजे निव्वळ मुरूम. शालिकाने त्याच्याशी घाई केली नाही. उघडीप असली की गुरे गोठ्यात न ठेवता तो शेतातच बांधी आणि रोज जागा बदली, म्हणजे शेणमूत जागच्या जागी मुरे. गुरे पुढे सरकली की मागून कोंबड्या सोडी. त्या शेण उकरून पसरीत आणि किडे वेचीत. एका पट्ट्यात ताग पेरून फुलावर येताच गाडून टाकी. शेजारी हसत, की हा जमिनीला जेवू घालतो आणि स्वतः ताकावर राहतो. पण वर्षागणिक माळ काळपट होऊ लागला, तेव्हा हसणारेच येऊन माती चिमटीत धरून पाहू लागले.

फक्त वरचा कोपरा पांढरा राहिला. तो भद्रकाने हौसेने स्वतःकडे मागून घेतला होता. भद्रक कष्टाळू होता, पण धीर धरणे त्याला कधी जमले नाही. कुणी सहज जरी विचारले, "वरच्या कोपऱ्यात यंदा काय?", तरी त्याचे कान तापत.

सुगी झाली की रोहक नावाचा मेंढपाळ कळप घेऊन गावात येई. मेंढ्या रात्रभर ज्या शेतात बसतील त्या शेताला लेंड्यांचे खत मिळे आणि शेतकरी रोहकाला धान्य देई. कळप पाळीपाळीने सर्वांच्या शेतात बसवायचा, अशी गावाची रीत होती. त्या वर्षी शालिकाची पाळी संपली तरी कळप वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचला नव्हता. पुढची पाळी पूर्णिकाकाकीची होती. ती विधवा बाई एका लहानशा शेतावर आणि एका गाईवर दिवस काढीत असे.

सकाळी रोहक कळपाभोवतीची जाळी गुंडाळत होता. भद्रक त्याच्याजवळ गेला. काय बोलायचे ते त्याने ठरवले नव्हते, निदान पुढे तो स्वतःला तसे सांगत राहिला.

"रोहकभाऊ, काकीच्या शेताकडे जरा जपून. तिच्या गाईला खुरकूत झाल्यासारखं दिसतं."

रोहकाचे हात थांबले. खुरकूत म्हणजे तोंडाला आणि खुरांना फोड येणारा रोग. तो कळपात शिरला तर मेंढपाळाचे घरच बसले.

"लाळ गळते का तिची?"

"गळते, असं वाटलं."

त्या 'असं वाटलं'च्या आडोशाला भद्रक बरेच दिवस लपून राहणार होता. रोहकाने कळप पुन्हा शालिकाच्याच शेतात, वरच्या कोपऱ्यात बसवला. भद्रक दुपारपर्यंत खुशीत होता.

पण रोहक सरळ माणूस. आपली मेंढरे वाचली म्हणून गप्प बसणे त्याला बरे वाटेना. त्याने गावच्या प्रमुखाला, ग्रामणीला, कळवले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले. काकीचे दूध कुणी घेईना. तिला पाणवठ्यावर वेगळे उभे केले. रोगी जनावर नदीपलीकडच्या रानात सोडून द्यायचे, असा गावाचा नियम होता, आणि त्या रानात वाघ होता. "माझी गाय बरी आहे, येऊन बघा," असे काकी दारोदार सांगत फिरली. आपल्या पायांनी रोग आपल्या गोठ्यात येईल या भीतीने कुणी गेले नाही. भद्रकाने तिला लांबून येताना पाहिले आणि तो दार लावून कणगीमागे जाऊन उभा राहिला. आपण तोंड लपवतो आहोत हे त्याला पुरते कळत होते.

शालिक रोहकाला भेटून आला. दुसऱ्या दिवशी तो ग्रामसभेत म्हणाला, "गाय रानात सोडू नका. ती माझ्या गोठ्यात राहील."

सभा चमकली. ज्या गोठ्यात संशयाचे जनावर, तो गोठा बंद. तिथले दूध ओतून द्यायचे, बैल बाहेर काढायचे नाहीत आणि त्या शेतात कळपही बसवायचा नाही. उलट जिथून जनावर गेले ते घर मोकळे. म्हणजे रोहकाचा कळप वरच्या कोपऱ्यातून उठून काकीच्या शेतात जाणार होता. गाय खरोखर आजारी आहे का ते कळायला ग्रामणीने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

"दादा, हे काय करून बसलास?" भद्रकाने घरी विचारले. "आपली सगळी गुरं तिथं आहेत."

"गाय आजारी असेल तर काकीला एकटीला झेपणार नाही," शालिक म्हणाला. "आणि नसेल, तर आपल्या गुरांना काय होणार?"

यावर भद्रकापाशी उत्तर होते, पण ते देण्यासारखे नव्हते.

मग रोज दूध काढायचे आणि उकिरड्यावर ओतायचे, हे काम भद्रकाकडे आले. त्याची बायको उत्पला एकदा गाईचे तोंड उघडून म्हणाली, "हिची जीभ बघा, गुलाबाच्या पाकळीसारखी आहे. कुणी उठवलं असेल हे?" भद्रक म्हणाला, "कुणास ठाऊक." आणि तो दुधाचे भांडे उचलून उकिरड्याकडे निघाला. गाय मात्र त्याच्या हातून वैरण खाई आणि त्याचे मनगट चाटी. तिने शिंग मारले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटे. त्याला स्वतःची किळस आली होती, आणि तरी तोंड उघडत नव्हते.

पौर्णिमेला ग्रामणी आला. गाय ठणठणीत निघाली. आता ग्रामसभेत सारे गाव रोहकावर उलटले.

"खोटी आवई उठवणाऱ्याचा कळप या शिवारात पुन्हा येता कामा नये," ग्रामणी म्हणाला. "बोल, तुला कुणी सांगितलं?"

रोहक खाली पाहत राहिला. "मी ऐकलं ते बोललो. कुणाकडून ऐकलं ते सांगणार नाही. तसा शब्द दिलाय."

कुणाला, हे भद्रकाला कळेना. त्याने पाहिले, तर शालिक जमिनीवर हात टेकून उठू लागला होता. दादा आता दोष स्वतःच्या अंगावर घेईल, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याच्या आधी तो स्वतः उभा राहिला.

"मी सांगितलं," भद्रक म्हणाला. "गाईला काही नव्हतं. मला मेंढ्या हव्या होत्या."

लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते. पुढच्या सुगीला शालिकाच्या शेताची पाळी बंद ठरली, ती त्याने मान खाली घालून ऐकली.

घराकडे येताना त्याने विचारले, "दादा, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मीच रोहकाला गप्प राहायला सांगितलं."

"मग मला का नाही बोललास?"

"गाय वाचवणं मला जमण्यासारखं होतं, ते मी केलं. हे तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

भद्रक गाय घेऊन काकीच्या दारी गेला. त्याने दावे पुढे केले. काकीने दावे हातात घेतले आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू लोभानं बोललास, ते मला समजतं," ती म्हणाली. "पण मी बोलावत होते, तेव्हा तूही दार उघडलं नाहीस. आता आत ये, पाणी पी."

भद्रकाने पाणी घेतले, पण ते प्यायला त्याला फार वेळ लागला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. विहारातल्या एका वृद्ध भिक्षूला भोजनाचे आमंत्रण होते. तो आजारी असल्याचे खोटेच सांगून कुणीतरी त्याच्या जागी जेवून आला होता. त्यावरूनच ही कथा निघाली होती.

"तेव्हाची पूर्णिकाकाकी म्हणजे हे वृद्ध भिक्षू," शास्ते म्हणाले. "रोहक म्हणजे ज्याने ते आमंत्रण दिले आणि ऐकले त्यावर विश्वास ठेवला, तो उपासक. शालिक मीच होतो. भद्रक कोण, ते मी सांगणार नाही."

 तेव्हा सभेच्या मागच्या रांगेतला एक तरुण भिक्षू उठला, पुढे आला आणि त्या वृद्धाच्या पायांशी बसला.

"हिला लज्जा म्हणतात," शास्ते म्हणाले. "हिला जपा."