वाघ बसला तो सडा

फार वर्षांपूर्वी, सावरसड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळपठारावर, जायला वाट नव्हती पण वाघ होता, तेव्हाची ही गोष्ट. सड्याखालच्या झोऱ्यांच्या वाडीत आंबू नावाची सून आली. तिचं माहेर नदीपल्याडच्या निवळीत. बापानं आंदण म्हणून पंधरा शेळ्या दिल्या होत्या. आंबू बोलायची कमी. सासरे येसू झोरे दोघांच्या वाटणीचं बोलायचे, त्यामुळे घरात शब्दांची टंचाई कधी पडली नाही.

पहिल्याच महिन्यात वाघानं चार शेळ्या नेल्या. दर वेळी येसू काठी घेऊन सड्यावर धावत, आरडाओरडा करत, आणि वाघ दुसऱ्या बाजूनं निवांत निघून जाई. मग घरी येऊन म्हणत, "निवळीच्या शेळ्याच वेंधळ्या. आमच्या जुन्या शेळ्या अशा सापडायच्या नाहीत."

"तुमच्या जुन्या शेळ्या गेल्या वर्षीच खाल्ल्या त्यानं," चुलीपुढून सासू भागी म्हणे.

चौथी गेली त्या दिवशी येसूंनी सांगून टाकलं, "आणखी एक गेली, तर उरलेल्या निवळीला परत. आणि त्यांच्या मागोमाग तूही."

आंबूला प्रत्येक शेळीचं नाव पाठ होतं. शिवाय एव्हाना तिला भागीच्या हातची भाकरी आवडायला लागली होती, आणि नवऱ्याचं, महादूचं, गालातल्या गालात हसणंही. तिला परत जायचं नव्हतं.

चारही वेळा सड्यावर शेळ्या राखायला तीच होती. बाकीचे ओरडत तेव्हा ती बघत होती. वाघ कुठल्या धोंड्याआडून येतो, कुठल्या दोन धोंड्यांमधून जातो, मधल्या डबक्यावर पाणी कधी पितो. आणि एक गोष्ट तिनं चारही वेळा पाहिली. ज्या शेळीच्या पाठीमागची जागा मोकळी, तीच गेली. शेळीला शेळी लागून उभी असली, की वाघ नुसता चकरा मारी. त्याला उडी घ्यायला शेळी लागते, पण उतरायला मोकळी जागाही लागते.

तिनं अंगणातल्या कातळावर कोळशानं सड्याच्या सगळ्या वाटा काढल्या. वाटा मिळतात तिथं पांढरे खडे ठेवले आणि मधे एक हिरडा. तो वाघ.

"पोरखेळ मांडलाय," येसू म्हणाले, पण बसले बघायला.

"पंधरा जागा अडवल्या तर त्याला हलता येणार नाही, मामंजी. शेळ्या अकराच उरल्यात."

"मग ह्या चार खड्यांवर कोण?"

"आपण."

येसूंनी खड्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "म्हणजे मी शेळी?"

"हो. आणि शेळीनं जागा सोडायची नाही. ओरडायचंही नाही."

असं म्हणतात, त्या दिवशी भागी इतकी हसली की तव्यावरची भाकरी जळाली. येसूंना 'नाही' म्हणायची सोय राहिली नाही. वाघाला घाबरले असं कोण ऐकून घेणार?

दुसऱ्या दिवशी वाघ डबक्यावर पाणी पीत असताना आंबूनं एकेक शेळी जागेवर नेली. मग महादू, मग भागी, मग येसू. शेवटच्या जागी, रानाच्या तोंडाशी, ती स्वतः. वाघानं मान वर केली. या वाटेनं आला, त्या वाटेनं गेला. जिथं तिथं शेळी, आणि शेळीमागं शेळी. असं म्हणतात, एकही शेळी बें म्हणाली नाही. त्यांचे खूर कातळात रुतले, त्या खळग्यांत आजही पाणी साठतं. येसूंच्या पुढ्यात तर वाघ हातभर अंतरावर आला, त्यांच्या मिशांचा वास घेऊन मागं फिरला. शेवटी डबक्याकाठी येऊन तो चक्क खाली बसला.

तेव्हा आंबू आपल्या जागेवरून बाजूला झाली. "डाव झाला," ती म्हणाली. "जा आता." वाघ उठला, तिच्या शेजारून रानात उतरला आणि पुन्हा त्या सड्यावर आला नाही.

शेळ्या चरायला पांगल्या. महादू आणि भागी डबक्यावर तोंड धुवायला गेले. बऱ्याच वेळानं मागून बारीक आवाज आला, "सूनबाई, हलू का?"

पुढं वाघ-शेळीचा हा खेळ गावोगाव गेला, आणि भांडणही सुरू झालं. वाडीतले म्हणतात, खेळ आमच्या सुनेचा, आमच्या अंगणात जन्मला. निवळीकर म्हणतात, हट्! आमची लेक पाच वर्षांची होती तेव्हापासून चिंचोके मांडून हेच खेळायची. सड्यावरच्या एका धोंड्यामागं राहणारा म्हातारा तर म्हणायचा, तिला वाघानंच शिकवला. निवाडा झालेला नाही. होऊ नये याची दोन्ही गावं काळजी घेतात, कारण भांडायच्या निमित्तानं निवळीकर दरवर्षी जेवायला येतात.

त्या दिवशी सड्यावर चुन्यानं पट आखतात. अकरा जागी शेळ्या बांधतात. उरलेल्या चार जागी वाडीतली सगळ्यात नवी सून, तिचा नवरा, सासू आणि सासरे. कुणी कुठं उभं राहायचं ते सून सांगते, आणि तिला सल्ला द्यायची कुणालाही मुभा नाही. वाघाचं सोंग घेतलेला माणूस खाली बसला, की ती बाजूला होते आणि सगळे जेवायला वळतात.

फक्त सासरे उभे असतात. त्यांनी विचारायचं असतं, "सूनबाई, हलू का?"

उत्तर किती वेळानं द्यायचं, ते मात्र ज्या त्या सुनेवर असतं.