चिचूला हवं चमचाभर विरजण

चुलीमागं होतं एक भोक. भोकात राहायची चिचू चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब, पाय एवढेएवढेसे. चिचूचं एक बाळ होतं. त्याचं नाव इटुक.

इटुकला ताप आला होता. आला तसा गेला. पण इटुक काही खाईना.

"पेज घे."

"नको."

"भाकरीचा कुस्करा घे, दुधातला."

"नको."

"मग काय देऊ, बाळा?"

"दहीभात."

हे झालं काल. चिचूनं दहीभात दिला. इटुकनं खाल्ला. चिचूला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिनं वाटी निपटून निपटून त्याला भरवली. चाटून पुसून वाटी लख्ख.

आणि विरजणाला चमचाभर दही ठेवायचं विसरली.

आज भात तयार. मऊ मऊ, गुरगुट्या. दूध तयार. तापवलं, निववलं, बोळक्यात ओतलं. पण विरजण कुठाय? वाटी उपडी केली. काही नाही. वाटी हुंगली. नुसता वास.

"आई, दहीभात," इटुक म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

चिचू उठली. तिनं वाटी डोक्यावर घेतली. निघाली.

तुरू तुरू, तुरू तुरू.

शेजारी होती घूसकाकू. काकूकडं दह्याचं मडकं.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
काकू, चमचाभर विरजण दे."

"देते की. पण रिकाम्या वाटीत देत नाही. मागच्या खेपेला माझी वाटी तू रिकामीच परत पाठवलीस. शेजारणीची वाटी कुणी रिकामी पाठवतं का?"

"बाळ तापानं फणफणलं होतं, काकू."

"ताप बाळाला होता. वाटीला नव्हता. जा, वाटीत गुळाचा खडा घालून आण. मग विरजण ने."

चूक चिचूचीच होती. डोळे पुसले. निघाली.

तुरू तुरू, तुरू तुरू.

कोनाड्यात होते मुंगळेमामा. मामांकडं गुळाची ढेप.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"गूळ नाही, घूसकाकू विरजण देईना.
विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
मामा, गुळाचा खडा द्या."

"देतो की. पण माझी माणसं बघ. सकाळपासनं ओझी वाहतात. रांगेत उपाशी उभी आहेत. गुळानं तोंड गोड होतं, पोट भरत नाही. जा, भाकरी आण. मग गूळ ने."

चिचूनं रांगेकडं बघितलं. रांग लांबच लांब. पोटं खपाटीला गेलेली. डोळे पुसले. निघाली.

तुरू तुरू, तुरू तुरू.

परसात होती कोंबडीताई. परातीत पीठ, पिठात पंख. थप थप थप, भाकरी थापत होती.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"भाकरी नाही, मुंगळेमामा गूळ देईनात.
गूळ नाही, घूसकाकू विरजण देईना.
विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
ताई, एक भाकरी दे."

"देते की. पण चूल बघ माझी. विझली. तव्यावर बसले तरी पाय भाजत नाहीत. कच्ची भाकरी देऊ का? पोटात दुखेल सगळ्यांच्या. जा, काटक्या आण. वाळक्या आण हो, ओल्या नको. ओल्या नुसत्या धुमसतात. मग भाकरी ने."

चिचूनं मागं वळून बघितलं. घर लांब राहिलं होतं. दूध गार होत असेल. बाळ रडत असेल. की रडायचंही थांबलं असेल? डोळे पुसले. निघाली.

तुरू तुरू, तुरू तुरू.

बोरीवर होता होलादादा. घरटं काटक्यांचं, खाली ढीग काटक्यांचा.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"काटक्या नाहीत, कोंबडीताई भाकरी देईना.
भाकरी नाही, मुंगळेमामा गूळ देईनात.
गूळ नाही, घूसकाकू विरजण देईना.
विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
दादा, चार काटक्या दे."

"देतो की. पण पिल्लांच्या घशाला कोरड पडलीय. बायकोला उरलेली अंडी सोडता येत नाहीत, मला पिल्लं सोडता येत नाहीत. घू घू करायलाही आवाज फुटेना. जा, घोटभर पाणी आण. मग काटक्या ने."

वरून पिल्लांनी चोची उघडल्या. चोचीत काही नव्हतं. चिचूला इटुकचं तोंड आठवलं. डोळे पुसले. पुन्हा भरले. तशीच निघाली.

तुरू तुरू, तुरू तुरू.

न्हाणीपाशी होता रांजण. रांजणाखाली ओल. ओलीत बसला होता बेडूकभाऊ.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"पाणी नाही, होलादादा काटक्या देईना.
काटक्या नाहीत, कोंबडीताई भाकरी देईना.
भाकरी नाही, मुंगळेमामा गूळ देईनात.
गूळ नाही, घूसकाकू विरजण देईना.
विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
भाऊ, घोटभर पाणी दे."

"देतो की. रांजण भरलाय. पण पाणी नेशील कशात? वाटीत? पाण्याची ओली वाटी, तिच्यात मग गूळ ठेवशील? पाघळेल की सगळा. करवंटीत ने. करवंटी त्या पोत्याखाली आहे."

"कुठल्या पोत्याखाली?"

"ते काय. ज्याच्यावर मनीमावशी झोपलीय."

चिचूनं बघितलं. पोतं होतं. पोत्यावर मांजर होती. मोठी मांजर.

"तिला उठव," बेडूकभाऊ म्हणाला. "मग पाणी ने. मी काही उठवायचा नाही. मला दोनच पाय मोठे आहेत, ते पळायला ठेवलेत." आणि बुडुक करून तो रांजणाच्या मागं गेला.

आता तुरू तुरू नाही. एक पाय. थांबली. दुसरा पाय. थांबली. चिचूचं काळीज धड धड, धड धड. ती पोत्यापाशी पोचली.

मनीमावशीनं एक डोळा उघडला. हिरवा.

"काय गं चिचू, तोंड का उतरलं?"

चिचू म्हणाली,
"करवंटी नाही, बेडूकभाऊ पाणी देईना.
पाणी नाही, होलादादा काटक्या देईना.
काटक्या नाहीत, कोंबडीताई भाकरी देईना.
भाकरी नाही, मुंगळेमामा गूळ देईनात.
गूळ नाही, घूसकाकू विरजण देईना.
विरजण नाही, दही लागेना.
दही नाही, इटुक जेवेना.
मावशी, जरा उठ."

"घाबरू नको. चिचुंद्री खात नाही मी. वास येतो तुमच्या अंगाला."

"हो मावशी. येतो खरा."

"उठते की. पण हे बघ."

मावशीनं पोट जरासं उचललं. पोटाखाली तीन पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"आत्ता कुठं निजलीत. सकाळपासनं नुसती रडत होती. मी उठले की गारठतील. गारठली की उठतील. त्यांच्या कुशीत कुणी निजणार असेल तर उठते. नाहीतर नाही."

चिचूनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

मग मात्र चिचू मटकन खाली बसली. वाटी डोक्यावरून घरंगळली. टण टण टण, गोल फिरली, थांबली. चिचू रडायला लागली. चिक् चिक्, चिक् चिक्. सकाळपासनं पुसलेलं सगळं पाणी आता एकदम आलं.

एवढ्या दारांत गेले. सगळे 'देते की' म्हणाले, 'देतो की' म्हणाले. हातात काय आलं? काही नाही. कुणी वाईटही नाही, की रागवावं. आणि माझं बाळ भोकात एकटं. एक चमचा दही. एक चमचा ठेवायचं सुचलं नाही मला. मी कसली आई?

मनीमावशीनं शेपटीनं पिल्लांवरची माशी हाकलली.

चिचूनं नाक पुसलं. पिल्लांकडं बघितलं. एका पिल्लानं झोपेत तोंड हलवलं. चुट् चुट्. इटुक असंच करायचा, ताप यायच्या आधी.

"मी निजते त्यांच्यापाशी, मावशी."

"तू? भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मोठी झाली की हीच पोरं तुझ्यामागं धावतील."

"आत्ता लहान आहेत ना," चिचू म्हणाली.

ती पोत्यावर चढली. पिल्लांच्या मधे शिरली. एका पिल्लाचा पंजा तिच्या पाठीवर पडला. नख्या बारीक, पण टोकदार. चिचूनं डोळे गच्च मिटले. काळीज धड धड, धड धड. ती हळू हळू म्हणायला लागली,

"नीज माझ्या माऊबाळा,
भात झालाय मऊ मऊ,
दूध आलंय ऊन ऊन,
उठलास की दोघं खाऊ."

पिल्लांनी तिला पोटाशी ओढलं. एकही जागं झालं नाही.

आणि मनीमावशी उठली.

मावशी उठली, पोत्याखालून करवंटी काढली.
करवंटी मिळाली, बेडूकभाऊनं पाणी भरलं. डुबुक.

मावशी परत येऊन निजली. म्हणाली, "जा आता. पळ." चिचू पिल्लांतून हळूच सुटली. करवंटी एका हातात, वाटी डोक्यावर.

तुरू तुरू, तुरू तुरू.

पाणी मिळालं, होलादादानं काटक्या दिल्या. घू घू घू.
काटक्या मिळाल्या, कोंबडीताईनं चूल पेटवली. भाकरी फुगली. टम्म.
भाकरी मिळाली, मुंगळेमामांनी गूळ दिला. रांग जेवायला बसली. कुरुम कुरुम.
गूळ मिळाला, वाटी भरली.

चिचू घूसकाकूच्या दारात उभी राहिली. धाप लागली होती. तिनं नुसती वाटी पुढं केली.

काकूनं वाटीत बघितलं. मग चिचूकडं बघितलं. तिच्या पाठीवर बारीक ओरखडे होते. काकूनं ते बघितले. गूळ काढून घेतला. वाटी पुसली. वाटीत विरजण घातलं. एक चमचा. मग अजून एक.

"ऐक," काकू म्हणाली. "घाई करू नको. दूध गार झालं असेल. जरासं ऊन कर. करंगळी बुडव. चटका बसला तर थांब. गार लागलं तर अजून ऊन कर. कोमट झालं की विरजण घाल, एकदा ढवळ, झाकण ठेव. मग हलवायचं नाही. सारखं सारखं उघडून बघायचं नाही."

"बरं काकू."

"बघशील. मला माहितेय तू बघशील."

तुरू तुरू, तुरू तुरू.

इटुक चिंधीत पडला होता. डोळे उघडे. रडत नव्हता. चिचूला आणखीच भीती वाटली.

"बाळा?"

"आई, दहीभात."

"करते. करतेच."

दूध ऊन केलं. करंगळी बुडवली. कोमट. विरजण घातलं. एकदा ढवळलं. झाकण ठेवलं. चुलीच्या उबेला बोळकं ठेवलं.

"आई, झालं?"

"नाही रे बाळा."

चिचूचे हात झाकणाकडं जायचे. ती हात पोटाखाली धरून बसायची.

"आई, झालं?"

"नाही रे बाळा."

लागलंच नाही तर? दूध गारच राहिलं असेल तर? मी जास्त ढवळलं असेल तर? चिचू बोळक्याकडं बघत राहिली. ऊन दारातून आत आलं, जमिनीवरून सरकलं, भिंतीवर चढलं.

"आई, झालं?"

चिचूनं झाकण काढलं. बोळकं थोडं कलतं केलं. सांडलं नाही. अजून कलतं केलं. हललं नाही.

दही लागलं होतं. घट्ट. वरती पातळ साय.

चिचूनं भात घेतला. बोटांनी मऊ मऊ कुस्करला. दही घातलं. मिठाची कणी घातली. एवढासा घास केला.

"आ कर."

इटुकनं तोंड मिटलं. मान फिरवली.

चिचूचा हात तसाच राहिला. डोळे पुन्हा भरले. एवढं सगळं झालं, आणि आता हा खात नाही.

"काय झालं, बाळा? आंबट वाटतंय का?"

इटुकनं तिच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"तू खा आधी."

सकाळपासनं चिचूच्या पोटात काही नव्हतं. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं घास खाल्ला. गार गार, मऊ मऊ. घशाखाली उतरला. चिचूनं डोळे मिटले.

"आहे का छान?"

"आहे रे."

मग इटुकनं तोंड उघडलं. एक घास. गट्टम. अजून एक. गट्टम. अजून एक. मिशीला दही लागलं, नाकाला दही लागलं.

गोष्ट निवली, भात निवला.
इटुकनं आ केलं.
आता तू कर. आ.