सायूचे तळवे

सह्याद्रीच्या एका दाट रानात, खोल घळीच्या अलीकडच्या काठावर, वानरांची एक टोळी सुखाने नांदत होती. टोळी तशी मायाळू. कुणी उपाशी राहायचं नाही, कुणी एकटं झोपायचं नाही. पण बाळांनो, या टोळीत एक रीत होती. मुलगा जन्मला की चार दिवस गेले न गेले तोच त्याला ऐनाच्या खरखरीत खोडावर सोडायचे. तो रडायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. मुलगी जन्मली की ती मात्र आईच्या पोटाशीच राहायची. येताजाता बाया तिचे तळवे चाचपून पाहायच्या, आणि ते जितके मऊ लागतील तितकं तिच्या आईचं कौतुक करायच्या.

आपल्या गोष्टीतल्या वानरीची लेक तर या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. दुधावरच्या सायीसारखे तळवे, म्हणून तिचं नावच पडलं सायू. टोळीतली थोरली आत्या रोज तिचा पाय मांडीवर घेऊन बसायची, आणि वानरीला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! तिच्या वयाचे पोरगे शेंड्यावर हुंदडायला लागले तरी सायू आपली आईच्या अंगावरच. कधी तिने फांदीकडे हात नेला तर चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, अगं पडशील, सोड. पुढे पुढे तिने हात नेणंच सोडून दिलं. मग तीच मंडळी म्हणायला लागली, पोर जात्याच भित्री आहे.

उन्हाळ्यात अलीकडचे झरे आटले की टोळी घळीपलीकडे जायची. तिथे उंबरांची दाटी होती आणि खडकातून बारमाही पाणी झिरपायचं. नर आणि पोरगे वरच्या वर उडी मारून पलीकडे पोचायचे. बायांना उडी कुठली यायला! त्या घळ उतरून, तळाच्या कारवीच्या दाट झुडपांतून जीव मुठीत धरून जायच्या. त्या कारवीत बिबट्या असायचा. बहुतेक उन्हाळ्यांत एखादी वानरी कमी व्हायची. मग सगळे हळहळायचे आणि म्हणायचे, बाईच्या पायात उडीच नसते, त्याला कोण काय करणार?

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वानरीला मुलगा झाला. आनंद झाला, पण घोर त्याहून मोठा लागला. दोन लेकरं अंगावर घेऊन कारवीतून पळणार कशी? थोरल्या आत्याने बरंच समजावलं. सायूला इथेच चिंचेवर ठेव, पाला खाऊन राहील, पाऊस लागला की आपण परत येऊच. पाण्यावाचून पोर तोवर तगणार नाही हे आत्यालाही कळत होतं. म्हणून तर बोलताना ती सायूकडे बघत नव्हती.

त्या दुपारी वानरी बाळाला चाटूनपुसून साफ करत होती. त्याचा इवलासा पाय तिच्या हातात आला आणि ती थबकली. तिने दुसऱ्या हाताने सायूचा पाय ओढून घेतला. एकदा हा चाचपला, एकदा तो. दोन्ही तळवे अगदी सारखे, तसूभरही फरक नाही. इतके दिवस जे आपण पोरीचं म्हणून मिरवलं, ते तर नुकत्याच जन्मलेल्या कुठल्याही बाळाचं होतं. पोर वाढली होती, तिचे पाय तेवढे आपण वाढू दिले नव्हते.

तिने सायूला उचललं आणि थेट ऐनाच्या खोडावर ठेवलं.

"आई, मी पडेन," सायू रडवेली होऊन म्हणाली.

"पडशील," वानरी म्हणाली, "मी खालीच बसलेय."

सायू पडली. चांगली चारदा आपटली. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांवर घट्टे पडले. टोळीतल्या बायांनी नाकं मुरडली. असले राठ पाय घेऊन उद्या हिला कोण विचारील, असं आत्या चारचौघींत बोललीसुद्धा. वानरीला ते लागलं. रात्री ती लेकीचे फोड चाटायची आणि डोळे पुसायची, पण उजाडलं की पुन्हा तिला खोडावर ठेवायची. मग एके दिवशी सायू शेंड्यावर पोचली आणि आपण होऊन खाली यायलाच तयार होईना.

झरे आटले. निघायचा दिवस आला. नरांनी भराभर उड्या टाकल्या आणि मागे वळूनही न पाहता ते उंबरांकडे पळाले. सगळ्यांच्या शेवटी सायू फांदीच्या टोकाशी आली. तिने उडी घेतली. पलीकडची फांदी एकाच हातात आली आणि वानरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण त्या हाताने साल अशी धरली की सुटली नाही. सायू वर चढून बसली.

मग वानरी बाळाला पोटाशी धरून इतर बायांबरोबर घळीत उतरली. पोरगे केव्हाच उंबरं खात होते. सायू मात्र तिथेच थांबून आईची वाट बघत होती, म्हणून कारवीतली हालचाल तिलाच दिसली. पिवळ्या अंगावरचे काळे ठिपके! सायू जिवाच्या आकांताने खेकसली. थोरल्या नरासारखा तो आवाज घळभर घुमला. बायांनी मागेपुढे न बघता खडक गाठला, एकमेकींना ओढत वर घेतलं. बिबट्या हात हलवत परत गेला. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या काठावर एकही वानरी कमी नव्हती. सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत वर आली ती थोरली आत्या, आणि तिला हात देऊन वर घेतलं ते सायूने. तो राठ हात आत्याने बराच वेळ सोडला नाही.

पुढे पाऊस लागला, टोळी परतली, आणि टोळीत आणखी एक मुलगी जन्मली. चौथ्या दिवशी बाया कौतुकाने जमल्या. आत्याने बाळीला मांडीवर घेतलं, सवयीने तिचे तळवे चाचपले.

"मऊ आहेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "अजून."

आणि तिने बाळीला ऐनाच्या खोडावर ठेवलं, आणि स्वतः खाली हात पसरून बसली.

तात्पर्य : दुबळी म्हणून आपण जिला जपतो, ती पुष्कळदा आपल्या तशा जपण्यानेच दुबळी झालेली असते. मुलीला पडू द्यावं, आणि ती पडेल तेव्हा जवळ असावं.