दारावरची पाटी

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी साखर कारखान्यातली ती सकाळ आठवली की शालनबाई गालातल्या गालात हसतात. वजनकाट्याचा संगणक-प्रोग्राम ज्या तयार सॉफ्टवेअर पॅकेजेसवर चाले, त्या प्रत्येकापुढं बाईंनी पारखून एकच व्हर्जन नंबर लिहिला होता. न पारखलेलं नवं व्हर्जन शिरून ऐन हंगामात काटा अडला तर उसाच्या गाड्या वेशीपर्यंत तुंबत.

नवे साहेब गरजले, "हे जुने आकडे खोडा! सगळीकडं 'सर्वांत नवं' लिहा, आपोआप येत जाईल."

"लिहिते की," बाई म्हणाल्या. "मग दारावरच्या पाटीवरही तुमच्या नावाऐवजी 'सर्वांत नवा साहेब' लिहू? उद्या जो येईल, खुर्ची आपोआप त्याची."

साहेबांनी आकडे तसेच राहू दिले.

परवा बाई तिकडं डोकावल्या. साहेबांच्या दारावर पाचवी पाटी होती. काटा मात्र अजून बाईंच्याच आकड्यांवर चालला होता.